गसांतला न दिसलेला चंद्र

गसांत डेव्हिड्सनं चाळीस वर्षं थापी चालवली आणि केप टाउनच्या ॲथलोन भागातल्या अर्ध्या भिंती त्याच्या हातच्या आहेत, तरी आमच्या वस्तीत त्याला गवंडी म्हणून कोणी ओळखत नाही. त्याची ओळख चंद्राची. रमजान लागायच्या आणि ईदच्या आदल्या संध्याकाळी सी पॉइंटच्या समुद्रकाठी जी मंडळी चंद्र शोधायला उभी राहतात, त्यांच्यात हा तीस वर्षं पहिल्या रांगेत. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे दोरी न सोडता सांगणारी त्याची नजर, तीच तो आकाशाला लावायचा. दिसला तर दिसला म्हणणार, नाही तर नाही. बाकी बाबतीत गडी बिनदिक्कत खोटं बोलतो. उशीर झाला की रस्त्यात गर्दी होती म्हणतो, चहात साखर किती घातली विचारलं की एक चमचा म्हणतो. चंद्राच्या बाबतीत मात्र त्याच्या शब्दावर अख्ख्या केप टाउननं रोजे सोडलेत.

त्या वर्षी त्याची मुलगी रुगाया सहा वर्षांनी पर्थहून आली होती. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून सोबत फक्त आठ वर्षांची लेक, तस्निम. रमजानचा शेवट आणि ईद असा हिशेब धरून आलेली. परतीचं विमान सोमवारी रात्रीचं, आणि ते चुकवून चालणार नव्हतं, कारण बुधवारी तिला इस्पितळात कामावर हजर व्हायचं होतं.

रोज्याच्या दिवसांत आमच्याकडे सहल कोणी काढत नाही. दुपारनंतर घराघरांत तळण सुरू होतं, बायका चुलीपासून हलत नाहीत, आणि सूर्य बुडायच्या आत शेजाऱ्यांकडे ताटं जायला हवीत. म्हणून रविवारी ईद, आणि सोमवारी सगळ्यांनी मिळून सहल, असं ठरलं. सकाळी तारेवरच्या पाळण्यानं टेबल माउंटन डोंगरावर जायचं, तिथून सायमन्स टाउनला पेंग्विन बघायचे आणि संध्याकाळी थेट विमानतळ. गसांतची बायको मरेल्दिया हिनं त्यासाठी एक वही घातली होती. वहीत डोंगराला एक ओळ होती, पेंग्विनना अर्धी, आणि बाकीची तीन पानं खाण्याची.

"मेमा, आपण डोंगरावर जाऊन येणार आहोत, संसार थाटायला नाही," रुगाया आईला म्हणाली.

"ईदच्या दिवसांत घरातून रिकाम्या हातानं बाहेर पडायचं? माझी आई कबरीतून उठून येईल. सामोसे साठ लिही."

"माझी गाडी सोळा जणांची आहे," रुगायाचा भाऊ इगशान म्हणाला. तो शहरात प्रवासी टॅक्सी चालवतो. "सामोशांना बसायला जागा ठेवली तर माणसं दहाच येतील. आणि काय गं, वारा सुटला तर?"

गसांत उठला आणि उगाच नळ घट्ट बंद करून आला.

कारण हे प्रकरण जुनं होतं. रुगाया आठ वर्षांची असताना ईदच्या दुसऱ्या दिवशी गसांत तिला डोंगर दाखवायला घेऊन गेला होता. पिवळा नवा झगा घातलेली पोर दोन तास रांगेत उभी राहिली. पुढे तीन माणसं उरली असताना आग्नेयेचा वारा सुटला आणि पाळणा बंद झाल्याची पाटी लागली. पोरगी रडली नाही. "पुढच्या ईदला नक्की," गसांत म्हणाला. पुढच्या ईदला गिलाव्याचं काम निघालं, त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा वारा, मग पोरीचं लग्न, मग पर्थ. त्याच डोंगराच्या पायथ्याशी त्यानं लोकांचे बंगले बांधले, दिवसभर डोंगर डोळ्यांसमोर, पण वर पाऊल ठेवलं नाही. तिला सोडून एकट्यानं कसं जायचं? रुगायानं त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि तेच त्याला सलत होतं. आता पुन्हा ती कधी येईल, आणि तेव्हा आपले गुडघे कुठे असतील, याचा काही भरवसा नव्हता.

आता यातली गंमत बघा. रविवारी ईद, हे ठरवलं कशावरून? तर खाटकानं फुकट वाटलेल्या कॅलेंडरवरून. त्यावर तारखेखाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं की चंद्र दिसला तर. आयुष्यभर ज्यानं त्या बारीक अक्षरांची राखण केली, त्याच माणसानं घरची सहल कॅलेंडरच्या भरवशावर ठरू दिली. एकोणतीस रोज्यांवर चंद्र दिसला तर रविवारी ईद आणि सोमवारी सहल. न दिसला तर रविवारी तिसावा रोजा, सोमवारी ईद, आणि त्याच रात्री विमान. ईदचा दिवस नमाज आणि पाहुण्यांतच जातो, म्हणजे सहल गेली वाऱ्यावर. हे त्याच्या ध्यानात आलं तोवर वही भरली होती आणि नातीनं पेंग्विनची चित्रं काढून भिंतीला चिकटवली होती.

शनिवारी तो निघाला तेव्हा इगशान बापाला म्हणाला, "बोया, चष्मा पुसून घ्या. आणि नाहीच दिसला तर सांगा, मी शिडी लावून टांगतो."

"ओपा, नीट बघा हं," तस्निम आजोबांना म्हणाली.

सी पॉइंटला नेहमीसारखी जत्रा भरली होती. चटया, डबे, हिरवळीवर पळणारी पोरं. अजान झाली, लोकांनी खजूर तोंडात टाकले आणि सगळ्यांच्या माना पश्चिमेला वळल्या. समुद्रावर, अगदी खाली, राखाडी धुक्याचा एक पट्टा पडला होता. वारा म्हणून नव्हता. गसांतनं खजुराची बीसुद्धा थुंकली नाही, तशीच गालात धरून तो बघत राहिला.

"तो बघा," अश्रफ ओरडला. अश्रफ शाळेत गणित शिकवतो, सरळ मुलगा. "पट्ट्याच्या वर, उजव्या अंगाला. शिंगं वर."

गर्दीतून एक हुंकार गेला. इमामसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ईदच्या चंद्राला दोन साक्षी लागतात. एक झाली होती. बाकी कोणाला काही दिसलं नव्हतं, दुसऱ्या गावांहूनही खबर नव्हती.

"बूटा गसांत," इमामसाहेब थोरल्या भावाला हाक मारावी तसे म्हणाले, "तुम्हाला?"

गसांतनं अश्रफच्या बोटावरून नजर नेली. तिथं एक पांढरी रेघ होती. होती का? क्षणभर ती चंद्रासारखी वाकली आणि मग धुक्याची कड झाली. त्यानं डोळे मिटून पुन्हा उघडले. पिवळा झगा आठवला. एका शब्दाचा प्रश्न होता. अश्रफनं पाहिलाच आहे, म्हणजे खोटंही ठरलं नसतं कदाचित. सारं शहर खूश झालं असतं, आणि कोणाला कधी कळलं नसतं. इतका मोह त्याला आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नव्हता. तो तसाच उभा राहिला, उजेड पार सरेपर्यंत बघत राहिला.

"मला दिसला नाही," तो म्हणाला.

घरी पोचेपर्यंत रेडिओनं बातमी देऊन टाकली होती. मरेल्दियानं वही उशीखाली सारली होती आणि ती कढई आदळत होती.

"तीस वर्षं लोकांसाठी चंद्र काढलास, गसांत. एकदा स्वतःच्या लेकीसाठी काढता आला नाही?"

"मी काढत नाही. मी बघतो."

"अश्रफला दिसला म्हणे."

"त्याला दिसला असेल."

"असू दे मेमा," रुगाया म्हणाली. "बोयांनी दिसला म्हटलं असतं तर मला उद्याची ईद गोड लागली नसती." हे ती मनापासून बोलली, पण बोलताना ती भिंतीवरची पेंग्विनची चित्रं काढून घडी घालत होती, आणि ते गसांतला बघवेना. तो अंगणात गेला. डोंगराच्या माथ्यावर ढग नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं. जे धुकं समुद्रावर येतं ते वारा पडल्याशिवाय येत नाही, आणि पडलेला वारा एका दिवसात उठत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? चंद्र झाकणाऱ्या धुक्यानं पाळणा मोकळा करून ठेवला होता.

तो आत आला. "उद्या जायचं," तो म्हणाला.

"उद्या रोजा आहे," मरेल्दिया म्हणाली.

"मग? वर चढतो तो पाळणा, आपण नुसतं उभं राहायचं."

"आणि रोजा सोडायचा कुठे? ताटं कोण वाटणार? तळण?"

"खजूर खिशात मावतात."

मरेल्दियानं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू चाळीस वर्षांत प्रथमच हा माणूस तिला भेटतोय. मग तिनं उशीखालची वही काढली, खाण्याची तीन पानं फाडली आणि म्हणाली, "सामोसे वीस तरी घेईन. त्याखाली येणार नाही."

पेंग्विन राहिलेच. घडी घातलेली त्यांची चित्रं रुगायानं आपल्या पासपोर्टात ठेवली, पुढच्या खेपेसाठी. पण रविवारी चार वाजता सगळं कुटुंब पाळण्यात उभं होतं आणि गसांत डोळे घट्ट मिटून दांडा धरून होता, कारण चंद्राकडे बघणाऱ्या माणसाला खाली बघायची सवय नसते. वर खडकांवर सशाएवढे बिनशेपटीचे डासी नावाचे प्राणी ऊन खात पडले होते. तस्निम त्यांच्यामागे हिंडली. मरेल्दिया सामोशांच्या डब्यावर बसून राहिली, कारण डासींची नजर तिला बरी वाटेना. खाली सगळं शहर, दोन्हीकडचा समुद्र, आणि कुठेतरी गसांतनं लिंपलेल्या भिंती. त्यानं त्या शोधून एकेक रुगायाला दाखवल्या, आणि तीही आठ वर्षांची असल्यासारखी कुठे, कुठे, करत राहिली.

सूर्य बुडाला. रुगायानं खिशातून खजूर काढून आधी बापाच्या हातावर ठेवला. त्यानं तो तोंडात घातला आणि सवयीनं मान पश्चिमेला वळवली. आज धुकं नव्हतं. चंद्र ठसठशीत होता, इतका जाड आणि इतका वर की शोधावाही लागला नाही.

"ओपा," तस्निम म्हणाली, "एवढा मोठा? म्हणजे हा काल पण होता."

इगशान हसू दाबत दुसरीकडे बघू लागला. मरेल्दियानं डबा उघडला.

"असेल," गसांत म्हणाला. "मला दिसला नव्हता."

रुगायानं त्याच्या दंडात हात घातला. "बरं झालं, बोया," ती म्हणाली. शेवटचा पाळणा सुटायची घंटा होईपर्यंत तिनं तो हात काढला नाही.