खंबाटकीपलीकडची फांदी

आलं ते असं: बिस्किटाच्या पुड्याएवढा काळा डबा एक, वायरी दोन, टपावर चिकटवायची चकती एक आणि इंग्रजी कागद. किंमत साडेनऊ हजार, महेशनं भरली. मिरजेत तो आमच्या गाडीला बसवायचे सहाशे मी दिले.

महेश माझा मुलगा. बंगळूरला हे डबे बनवणाऱ्या कारखान्यात असतो. डबा असलेल्या गाड्या आपसात बोलतात. पुढचीनं ब्रेक मारला की मागचीत शिट्टी वाजते. त्यानं म्हटलं होतं, "आई, हायवेला नेऊन बघ. पटला तर मामाच्या गाडीला दुसरा पाठवतो. मग मात्र यंदा यमाईच्या यात्रेला येणं परवडायचं नाही."

म्हणून निघाले. शिरवळला बेदाण्याची खोकी पोचवायची होती, त्यात डिझेल निघत होतं. गाडीवर सदाभाऊ. हे गेले त्याला तीन वर्षं झाली, पण ह्यांच्या वेळचा ड्रायव्हर मी बदलला नाही.

कवठे महांकाळहून उजाडताच सुटलात तर विट्यापर्यंत रस्ता मोकळा मिळतो. भाकरी-ठेचा घरचा न्यावा. औंधला यमाईच्या डोंगरावर गाडी जाते, मी पायऱ्यांनीच चढले. ओटीचे एक्कावन्न. रांगेत पुढची बाई म्हणाली, "एकट्याच आलाय व्हय?" मी म्हटलं, "व्हय." देवीला मागितलं, डबा एकदा तरी वाजू दे. पोराचं काम आहे.

साताऱ्याला हायवे लागला. ट्रक, एसटी, मोटारी, नुसती रीघ. डब्यावर हिरवा ठिपका तेवढा लुकलुकत होता. आनेवाडीचा टोल गेला.

"वैनी, मुका हाय का वो ह्यो?"

"मुका न्हाई, भाऊ. त्याच्याशी बोलणारं कुणी न्हाई रस्त्यावर."

सदाभाऊ हसले. मला हसू आलं नाही.

खंबाटकीचा बोगदा ओलांडून उताराला लागलो आणि सदाभाऊंनी एकदम वेग कमी केला. रस्त्यावर लिंबाची फांदी ठेवलेली. वळणापलीकडं कांद्याचा ट्रक पंक्चर होऊन उभा! डबा गप्पच. बाजूला थांबून सदाभाऊंनी जॅक दिला आणि डब्याची गोष्टही सांगितली. ट्रकवाला म्हणाला, "आवं, मला बी बसवा की एक, फुकट आसंल तर! फांदीला कुठं पैसं पडत्यात?"

शिरवळला खोकी उतरवली, चहा घेतला. परतीलाही डबा वाजला नाही.

घरी येऊन कुलूप काढलं, दिवा लावला, वही उघडून हिशेब मांडला आणि महेशला पत्र लिहायला घेतलं. मामाच्या गाडीला डबा बसवला तरी दोन्ही गाड्या एका रस्त्याला महिन्यातून दोनदा लागणार. तेवढ्यासाठी एकोणीस हजार? डबा वाईट नाही. पण तो सगळ्यांकडे असेल तरच बोलणार, आणि पहिला पैसा घालणाऱ्यानं गप्पच बसायचं. टोलमध्ये थोडं थोडं धरून सरकारनं सगळ्याच गाड्यांना द्यावा, तर वसूल होईल. हे तुझ्या साहेबांना सांग, महेश. आईनं नावं ठेवली असं नको सांगू.

दुसरा डबा पाठवू नकोस. पौषात यात्रेला ये. फोनवर तू "बघतो" म्हणतोस, त्याची वहीत नोंद करता येत नाही. कुठल्या तारखेला येतोस ते कागदावर लिहून उलट टपाली कळव.