देवीच्या बॅनरवरची आडवी रेघ

बॅनर जमिनीवर पसरला होता आणि आम्ही चौघं चपला काढून त्याच्या कडेने उभे होतो. रेघ बरोबर देवीच्या डोळ्यांवरून गेली होती. जाड नव्हती. लांबून पाहिलं असतं तर घडी पडल्यासारखी वाटली असती. पण एकदा दिसली की बॅनरवर दुसरं काही दिसतच नव्हतं.

"ह्यो कमानीर लावूक येवचो नाय," तात्या म्हणाले.

तात्या त्यांच्या गावच्या जत्रा कमिटीतले. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कमानी उभ्या राहिल्या होत्या, त्यांचे बॅनर छापायचं काम त्यांनी दिलीपला दिलं होतं. दिलीपचं फ्लेक्स छपाईचं दुकान कट्टा गावच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे. छपाई तो बघतो, डिझाइन त्याची बायको सुलभा करते. माझं मालवणात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सुलभा आणि मी शाळेत एका वर्गात होतो, त्यामुळे त्यांचा कॉम्प्युटर पहिल्यापासून माझ्याकडेच.

"तात्यानू, उद्या दुसरो देतंय," दिलीप म्हणाला.

"काल पण उद्याच म्हणालंस."

दिलीप बॅनरची कड उचलायला वाकला. त्याने आणि सुलभाने मिळून बॅनर गुंडाळला आणि कोपऱ्यात उभा केला. तिथे असेच आणखी काही गुंडाळे होते. आमच्याकडे बिघडलेला फ्लेक्स वाया जात नाही. कोणीतरी लाकडांवर घालायला नेतो, कोणी पडवीला बांधतो. पण देवीचा फोटो असलेला लाकडांवर कोण घालणार?

बिघाड सुरू होऊन आठवडा होत आला होता. मशीन बसवून देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर कोल्हापुरात असतो. त्याने फोनवर लक्षणं ऐकून सांगितलं होतं की हेड गेलं. हेड म्हणजे शाईचे बारीक थेंब सोडणारा भाग. तो एका पट्टीवरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत चित्राची एक अरुंद पट्टी छापतो. मशीनमधला सगळ्यात महाग भाग तोच. नवा घ्यायचा तर दिलीपची हंगामाची कमाई तिथेच संपणार होती.

इंजिनिअर माणूस सरळ होता. ऑर्डर टाकण्याआधी केबल आणि अर्थिंग कोणाकडून तरी बघून घ्या, असंही त्यानेच सांगितलं होतं. म्हणून दिलीपने मला बोलावलं.

केबल मी सोबत नवीन नेली होती. ती लावली. अर्थिंग मोजलं. ठीक होतं. मग नोझल टेस्ट काढली. हेडला जी बारीक छिद्रं असतात त्या प्रत्येकाची एक छोटी रेषा या टेस्टमध्ये कागदावर उमटते. छिद्र बंद असेल तर रेषा तुटते. इथे सगळ्या रेषा धडधाकट होत्या.

मी तिथूनच इंजिनिअरला फोन लावला.

"नोझल टेस्ट स्वच्छ आहे," मी म्हणाले.

"मॅडम, थंड असताना स्वच्छच येणार. हेड गरम झालं की मग त्रास देतं. अशा केसेस मी पाहिल्यात."

"ऑर्डर कधीपर्यंत द्यायची?"

"आज संध्याकाळपर्यंत. त्यानंतर सांगितलंत तर जत्रा होईपर्यंत पार्ट काही पोचत नाही."

फोन ठेवून मी दिलीपला विचारलं, नेमकं होतं तरी कसं?

"सकाळी एकदम बरा छापता," तो म्हणाला. "मगे दोन-तीन मोठे बॅनर झाले की रेघो मारूक लागता. आमी जेवान इलंव की परत बरा."

"मशीनाक पण भूक लागता काय रे?" तात्या म्हणाले. कोणी हसलं नाही.

इंजिनिअरचं म्हणणं याच्याशी जुळत होतं. जेवणाच्या सुट्टीत मशीन थंड होतं, म्हणून बरं होतं. पण मी कॉम्प्युटरकडे बघत होते. तो माझ्या आठवणीपेक्षा फारच भराभर चालत होता.

"ह्येका काय केलंस?" मी सुलभाला विचारलं.

तिचा चेहरा खुलला. "एसएसडी घातली. माझ्या भावान दिल्यान. चतुर्थीक इलो होतो तेव्हा तेनाच बसवल्यान."

एसएसडी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. जुन्या हार्डडिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरत असते, माहिती तिच्यावर साठते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, नुसत्या चिप असतात. त्यामुळे कॉम्प्युटर झटकन सुरू होतो, प्रोग्रॅम झटकन उघडतात. जुन्या मशीनला नवा जीव द्यायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि मी तो लोकांना नेहमी सुचवते. सुलभाच्या भावाने ऑनलाइन मिळणारी, त्यातल्या त्यात स्वस्त एसएसडी घेतली होती. तसल्या ड्राइव्ह मी कितीतरी घरांत बसवल्यात. वाईट वस्तू नव्हे.

फक्त तिची एक तऱ्हा आहे. आंब्याच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो घरासमोर आला आणि पेट्या माळ्यावर चढवायच्या आहेत असं समजा. पडवी रिकामी असेल तर टेम्पो पाच मिनिटांत मोकळा होतो. पेट्या पडवीत टाकायच्या आणि सवडीने वर चढवायच्या. पण पडवी भरली की एक पेटी शिडीवरून वर जाईपर्यंत दुसरी उतरवता येत नाही. टेम्पो तिथेच खोळंबतो. स्वस्त एसएसडीत अशी लहानशी, वेगवान पडवी असते. महागात ती मोठी असते आणि माळ्यावर जायची वाटही रुंद असते. बिल लिहिणाऱ्याची, सिनेमा बघणाऱ्याची पडवी कधी भरतच नाही. त्याला फरक कळायचं कारण नाही.

बॅनरची गोष्ट वेगळी. सुलभाचं डिझाइन छापण्याआधी एक सॉफ्टवेअर त्याचं थेंबांच्या हिशेबात रूपांतर करतं. कमानीएवढ्या बॅनरची ही फाइल प्रचंड होते. चतुर्थीनंतर काम तुरळक होतं, जत्रांची घाई आठवड्यापूर्वीच लागली होती. अशा घाईत एक बॅनर छापत असतानाच पुढच्याची फाइल तयार होत असते. म्हणजे एकाच ड्राइव्हवर एकीकडून माहिती ओतली जाते आणि दुसरीकडून मशीन ती मागत असतं. ड्राइव्ह खोळंबली की मशीनला वेळेवर माहिती मिळत नाही. हेड कडेला जाऊन क्षणभर थांबतं. तेवढ्यात आधीच्या पट्टीची कड सुकते, आणि पुढची पट्टी तिच्यात मिसळत नाही. रेघ दिसते.

आणि जेवणाच्या सुट्टीत ड्राइव्ह आपली पडवी मोकळी करून घेते.

अडचण अशी होती की दोन्ही स्पष्टीकरणं सारखीच बसत होती. सुट्टीत हेड थंड होतं आणि ड्राइव्हही मोकळी होते. मी हेड ठीक आहे म्हणून सांगितलं आणि ते चुकलं, तर दिलीपची जत्रा गेली. इंजिनिअरचं ऐकलं आणि ते चुकलं, तर निदान हेड तरी नवं आलं असतं.

"आज तुमी जेवूक जावा," मी दिलीपला म्हणाले. "मशीन बंद कर. पण कॉम्प्युटर चालू ठेव. तेका आज सुट्टी नाय."

"तेना काय होतला?"

"मशीन थंड होतला. कॉम्प्युटर दमतलो. मगे छापून बघूया."

ते जेवायला गेले. दुकानामागेच घर आहे. सुलभाने माझ्यासाठी तिथेच ताट आणून दिलं, सोलकढीची वाटी कीबोर्डपासून लांब ठेवली. मी मोठमोठ्या फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करत बसले. सुरुवातीला स्क्रीनवरचा वेगाचा आकडा छान मोठा होता. मग तो एकदम कोसळला. जुन्या हार्डडिस्कचा असतो त्याच्याही खाली गेला आणि तिथेच राहिला.

सगळे परत आले तेव्हा मशीन गार पडलं होतं. मी सपाट निळ्या रंगाची मोठी फाइल घेतली, कारण सपाट रंगावर रेघ लपत नाही. उरलेल्या फ्लेक्सच्या तुकड्यावर छपाई लावली आणि मागे दुसऱ्या फाइलचं काम चालू ठेवलं. हेड फिरायला लागलं. थोडं निळं बाहेर आलं, नितळ. मग हेड डावीकडे गेलं आणि तिथेच थांबलं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. क्षणभराने ते पुन्हा निघालं.

निळ्यावर आडवी रेघ होती. गार मशीनवर.

"म्हणजे हेड बरा आसा?" दिलीपने विचारलं.

"बरा दिसता. घोळ एसएसडीचो आसा."

दिलीपने सुलभाकडे पाहिलं. त्याच्या मनात काय आलं ते तिला कळलं. मलाही कळलं. हा आठवडा, ते कोपऱ्यातले गुंडाळे, तात्यांची बोलणी, सगळं मेहुण्याच्या भेटीपायी.

"काढून टाक ती," तो मला म्हणाला.

"काढू नको, मेधा." सुलभाचा आवाज चढला. "भावान दिल्यान म्हणान मी सांगणंय नाय. आदी सकाळी ह्यो डबो चालू करून मी भाकरी भाजूक गेलंय आणि भाजून परत इलंय, तरी तेचा चक्र फिरतच आसायचा. गिऱ्हाईक बाजूक बसलेला, नावात एक वेलांटी बदलूची आणि स्क्रीन गोठलेली. तेच्याकडे बघून हसत बसूचा लागायचा. आता कामा दिवसाउजेडी आटपतत." मग ती दिलीपकडे वळली. "तुका छापूचा आसा तर छाप. माझ्या कामात हात घालू नको."

दिलीपने निळा तुकडा गुंडाळायला घेतला. तात्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

मी ड्राइव्ह काढणार नव्हतेच. एवढा वेळ तेच सांगायचं होतं, पण मध्ये बोलायला जागा मिळाली नव्हती. "जुनी हार्डडिस्क खंय आसा?" मी विचारलं.

ती टेबलाच्या खणात, रबरबँड लावून ठेवलेली होती. मी तपासली. चांगली होती. ती पुन्हा कॉम्प्युटरमध्ये बसवली, एसएसडीच्या शेजारी. विंडोज आणि सुलभाचं डिझाइन एसएसडीवरच ठेवलं. छपाईच्या मोठ्या फाइल मात्र हार्डडिस्कवर तयार होतील अशी व्यवस्था केली.

"स्लो म्हणान तर ती काढलेली," दिलीप म्हणाला. "आता तीच परत?"

"स्लो आसा. पण सकाळी जेवढी स्लो, तेवढीच संध्याकाळी. मधीच थांबणा नाय. तुझ्या मशीनाक तेवढा पुरे."

त्याला हे पूर्ण पटलं असं वाटलं नाही. मलाही छापून बघितल्याशिवाय पूर्ण पटलं नव्हतं. आणखी एक गोष्ट करायला सांगितली. एक बॅनर छापत असताना पुढच्याची फाइल बनवायची नाही. आधी बनवायची, मग छापायची. वेळ जास्त जाईल, पण फ्लेक्स वाचेल.

तेवढ्यात कोल्हापूरहून फोन आला.

"मॅडम, काय करायचं? ऑर्डर टाकू?"

"थोडं थांबा. मला सलग तीन बॅनर छापून बघू द्या."

"तुम्हाला खात्री आहे?"

"तीन झाल्यावर सांगते."

तीन बॅनरच्या फाइल आधी बनवून घेतल्या आणि पहिला लावला. देवी पायाकडून छापली जात होती. आधी पाट, मग साडीचे काठ, मग हार. सुलभा स्क्रीनकडे बघायचं सोडून मशीनजवळ येऊन उभी राहिली. हेड डोळ्यांपाशी पोचलं तेव्हा दिलीपने मान फिरवली. तात्यांनी मात्र एक फेरीही चुकवली नाही.

"गेला," तात्या म्हणाले. "बरा गेला."

रेघ नव्हती. मशीन न थांबवता दुसरा लावला, मग तिसरा. हेड हात लावताच कळेल एवढं गरम झालं होतं. तिसराही नितळ आला. मी इंजिनिअरला फोन करून ऑर्डर टाकू नका म्हणून सांगितलं आणि काय सापडलं तेही सांगितलं.

तो म्हणाला, "तिकडेच आणखी एका दुकानाची हीच तक्रार आहे माझ्याकडे. त्यांना आता विचारतो, कॉम्प्युटरमध्ये काही बदललंय का म्हणून."

जत्रेला मी गेले नाही, दुकानात गर्दी होती. बॅनर वेळेवर लागले असं तात्यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं. मेहुण्याला यातलं काही कळवायचं नाही असं नवराबायकोचं ठरलं. तसं ते दोघांनी मला वेगवेगळं येऊन सांगितलं.

नंतर कधीतरी, कुतूहल म्हणून, त्या एसएसडीखाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी वाचले. बहुतेकांनी पाच तारे दिले होते. कॉम्प्युटर लगेच सुरू होतो, पॅकिंग उत्तम, पैसे वसूल. जवळजवळ सगळे वस्तू घरी आली त्याच दिवशी लिहिलेले. एक-एक तारा देणारेही होते. त्यांनी रागाने लिहिलं होतं, पण ते त्या कॉम्प्युटरवर काय काम करतात हे कोणी लिहिलं नव्हतं. खोटं बहुधा कोणीच लिहीत नव्हतं. सुलभाला विचारलं असतं तर तिने पाच दिले असते, दिलीपने एक. ड्राइव्ह तीच, कॉम्प्युटर तोच, दुकानही तेच.

तेव्हापासून कोणी एसएसडी घालायला आलं की बजेट किती हे मी नंतर विचारते. आधी विचारते, दिवसभर यावर काय करता? लोकांना प्रश्न आगाऊ वाटतो. परवा एकाने उत्तर दिलं, "काय नाय, टाइमपास." त्याला मी सगळ्यात स्वस्त ड्राइव्ह बसवून दिली. तो अगदी खूश आहे.