टेकडीवरच्या किल्ल्यातले दिवस

त्या वर्षी देवावरचा माझा विश्वास उडाला होता, हे आधीच कबूल करते. तापीकाठच्या आमच्या गावात प्लेग शिरला, तशी माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालू लागली. आम्ही सातपुड्याच्या पायथ्याला, टेकडीवरच्या पडक्या किल्ल्यात गेलो. कोणा राण्यानं तो बांधला, पुढं गोऱ्यांच्या पलटणीनं तट पाडला आणि मग तिथं गुरंच बसत, एवढंच ऐकून होते. दरवाजाच्या आत शेंदूर लावलेला देवीचा दगड होता. भिल्ल लोक तिला मातीचे घोडे वाहत.

तिसऱ्या दिवशी माझ्या यजमानांच्या काखेत गाठ आली. मी देवीपुढं डोकं आपटलं, नवस बोलले. पाचव्या दिवशी ते गेले. मग मलाही ताप भरला आणि अंगावरचं दूध आटलं. लेक दोन महिन्यांची. सासूबाई बोटानं साखरेचं पाणी तिच्या ओठांना लावत, तेही पोटात टिकेना. रडून रडून तिचा आवाज बसला. मी दगडाकडे पाहून म्हटलं, आता हिलाही ने.

त्याच दुपारी एक भिल्लीण घोडा वाहायला आली. वाहून झाल्यावर ती परतली नाही. आमच्या झोपडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"पोर भुकी शे. दे माले," ती म्हणाली. "मन्हं पोर परवा गयं. दूध शे आंगवर."

मी लेकीला छातीशी आवळून धरलं. आमच्या घरात भिल्लांच्या हातचं पाणी चालत नसे. तशा वेळीही मला ते आठवलं, याची लाज आजही वाटते. शेवटी सासूबाईंनीच माझे हात सोडवले. "देई दे वं," एवढंच त्या बोलल्या.

नऊ दिवस ती रोज टेकडी चढून आली. माझा ताप उतरला, पुन्हा दूध आलं. निघायच्या दिवशी मी विचारलं, "तुले काय देऊ?"

"काही नको. घडीभर ऱ्हाऊ दे मांडीवर."

लेक पोटभर पिऊन झोपली होती. तरी तिला घेऊन ती पडक्या तटावर बसून राहिली, ऊन कलेपर्यंत. त्या नऊ दिवसांत, देवीनंच तिला माझ्याकडे धाडलं, असं मी मानू लागले होते. तिच्याकडे बघताना वाटलं, मलाही तिच्याकडेच धाडलं असेल.

आता त्या किल्ल्यात जंगलखातं गवत साठवतं. चैत्रात जाते तेव्हा गंज्यांमधून वाट काढावी लागते. ती बाई पुन्हा भेटली नाही; नावही विचारायचं राहून गेलं. यजमानांचं दुःख गेलेलं नाही, जायचंही नाही. पण काय द्यावं, काय न्यावं, हे मी आता देवीला सांगत नाही. दगडावरचा कचरा पदरानं झाडते आणि हात जोडून बसते.