सगळ्यांचं आमेन

शांतवन गवंडी. घाटनांदूरच्या आमच्या चर्चच्या भिंती त्यानंच बांधल्या, त्याही पिऊन. नाताळपासून मात्र त्यानं थेंबही घेतला नव्हता. दर रविवारी अंघोळ करून तो मागच्या सतरंजीवर येऊन बसायचा.

उपासना संपताना ज्यानं त्यानं उभं राहून आपली अडचण सांगायची आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं, ही आमची पद्धत. शांतवनची आई मार्थाबाई दर रविवारी उठायची. "माझं पोरगं काय सुधरायचं न्हाई, देवा. बापावर गेलंय. तूच बघ." पोरगं मागं शुद्धीत बसलेलं असायचं, तरी म्हातारीची प्रार्थना तीच, आणि आमेनही तेच.

परवा शांतवन स्वतः साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सांगायला, उभा राहिला. त्यानं तोंड उघडायच्या आत चर्चचे दावीद पंच म्हणाले, "बस खाली. कुत्र्याचं शेपूट नळीत घालून सरळ होत न्हाई." माणसं हसली. देवाच्या घरात, दात दाखवून. मग मार्थाबाई उठली आणि तिनं तीच प्रार्थना केली.

घरी जाताना मी दोघांच्या मागंच होतो. शांतवननं विचारलं, "आई, आमेन म्हंजे काय गं?"

"तसंच होवो."

"मी सुधरायचा न्हाई म्हणून तू देवाला सांगितलंस, अन् सगळी मंडळी म्हणली, तसंच होवो. आता मी एकट्यानं काय मागू?"

तो घराकडं न जाता दारूच्या दुकानाकडं वळला. त्याच्या पाठीकडं बघत ती मला म्हणाली, "बघा. मी म्हणत न्हवते?"