घड्याळजींची भट्टी

घड्याळजींचं सगळं आयुष्य शिंकसुद्धा जपून द्यावी लागते अशा कामात गेलं. टेबलावर पांढरं फडकं, डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर तांदळाच्या कणीहून बारीक स्क्रू. एखादा उडाला की अर्धा दिवस गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपायची. पुढे लोक फोनमध्येच वेळ बघायला लागले, दुकानात गिऱ्हाईक फिरकेनासं झालं आणि त्यांनी शटर ओढलं ते कायमचं. घरी बसले आणि महिन्याभरातच बायकोच्या डोक्याला ताप झाले.

बायको म्हणजे खेळाच्या बाई. शाळेत उभी हयात शिट्टी वाजवून पोरींना पळवलेलं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. चालणं असं की सोबतच्या माणसाला धाप लागावी. पण साखरेच्या आजाराने त्यांच्या तळव्यांची जाणीवच गेली होती. खडा टोचला तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी घरातसुद्धा चपला घालायला बजावलं होतं. बाई घालायच्या आणि दोन खोल्या ओलांडेपर्यंत कुठेतरी काढून विसरायच्या.

"अहो, बाहेर पडा जरा," बाई एक दिवस म्हणाल्या. "माझ्या डब्यांची झाकणं दुरुस्त करणं पुरे झालं. चांगली होती ती."

पलीकडच्या रस्त्यावर एक लोहार होता. कुदळी, पहारी, फाटकाच्या बिजागऱ्या करायचा आणि दिवसभर कोणाला ना कोणाला शिव्या घालायचा. घड्याळजी त्याच्या दारात उभे राहिले आणि शाळेत नाव घालायला आलेल्या मुलासारखे चाचरत म्हणाले, "मला शिकवाल का? हौस म्हणून."

लोहाराने त्यांची बोटं न्याहाळली. "घड्याळजी, तुम्ही हातोडा उचलायच्या आधी तो तुम्हालाच उचलेल."

तरी ठेवून घेतलं. बिचाऱ्याला गप्पांना माणूस हवं होतं. पहिले काही दिवस घड्याळजींचे खांदे असे धरले की बाईंनी घास भरवायची तयारी दाखवली. पण त्यांना वेडच लागलं. जन्मभर कशालाही जोरात हात लावायची सोय नव्हती, इथे तर जितका जोर तितकं काम! लोखंड लाल व्हायचं, पिवळं व्हायचं, आणि त्यांनी मारलेल्या घावाखाली खरोखर वाकायचं. रात्री पाठ टेकली की घोरायला लागायचे.

एका गोष्टीवरून मात्र गुरुशिष्यांचं रोज वाजायचं. लोहाराच्या कोपऱ्यात एक मोठं घमेलं होतं. ठोकून झालेला तुकडा लाल असो, काळा असो, नाहीतर कालचा असो, तो तिथेच फेकायचा. त्या बाजूला कोणी पाऊल टाकायचं नाही.

"लाल असतं तोवर माणूस भितो," लोहार म्हणायचा. "काळं पडलं की विसरतो. आणि काळंच कातडी सोलतं."

घड्याळजींना ही फेकाफेक बघवायची नाही. घड्याळ उघडलं की निघेल तो भाग त्याच क्रमाने ओळीत मांडायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. ते आपले तुकडे भिंतीशी एका रेषेत, सारख्या अंतरावर मांडायचे. लोहार सांडशीने ती ओळ विस्कटून सगळं घमेल्यात ढकलायचा. "इथे दुकान मांडायचं नाही!" घड्याळजी मनात म्हणायचे, कसला हा अडाणी कारभार.

वर्षभरात त्यांनी घराच्या मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, स्वतःची छोटी भट्टी मांडली. वारा घालायला मुलीचं केस वाळवायचं जुनं यंत्र, ऐरण म्हणून रुळाचा तुकडा. भिंतीवर टांगायचे हुक करायला लागले आणि थांबेचनात. किल्ल्यांना हुक, पिशव्यांना हुक, झाडूला हुक, हुकाच्या शेजारी मोकळा हुक.

"आता मलाच टांगा एखाद्यावर," बाई म्हणायच्या. पण शेजारणी आल्या की दारामागचा पीळदार हुक मुद्दाम दाखवायच्या. घड्याळजी आतल्या खोलीत बसून ते कान देऊन ऐकायचे.

इथे घमेलं नव्हतं. घरच्या घरी काय लागतं घमेलं? इथे शिव्या घालायलाही कोणी नव्हतं. दारापासून भट्टीपर्यंत गुळगुळीत फरशी होती आणि घड्याळजींनी हौसेने तिच्यावर ओळ लावली.

त्या दुपारी मुलीचा फोन आला. बाई फोन कानाला लावून मागच्या दारात आल्या. पायात काही नव्हतं. घड्याळजींची पाठ होती, हुकाचं टोक पिवळं होत आलं होतं, आणि अशा वेळी नजर काढली की ते जळून जातं.

"हो गं, इथेच आहेत. ठोकतायत. दुसरं काय?" बाई हसत बोलत होत्या. एक पाऊल पुढे आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. "जेवले वेळेवर. हो. गोळी घेतली मी. अगं घेतली म्हटलं ना."

मग म्हणाल्या, "अहो, काहीतरी जळतंय बघा. कोळशात काही पडलं का?"

घड्याळजींनाही वास आला होता. ते भट्टीवर वाकले, सळईने निखारे उकरले, यंत्राची वायर तपासली, स्वतःच्या बाह्या पाहिल्या. बाई मागे उभ्याच. "वास वाढतोय हो," म्हणाल्या. तेव्हा कुठे घड्याळजी वळले आणि त्यांची नजर खाली गेली. ओळीतला शेवटचा हुक दिसत नव्हता.

त्यांनी बाईंना ढकललंच. हुक तळव्याला चिकटून वर आला आणि मग फरशीवर पडला. बाई पायरीवर बसल्या, पाय मांडीवर घेऊन तळवा पाहिला आणि चक्क हसल्या.

"दुखत नाहीये," त्या म्हणाल्या. "खरंच, जरासुद्धा दुखत नाहीये. तुम्ही का पांढरे पडलात? पाणी प्या आधी."

खरा घात पुढे झाला. मलम लावलं, पट्टी बांधली. बाई म्हणाल्या, "पोरीला सांगू नका, उगाच धावत येईल. आणि डॉक्टर तरी काय करणार? मलमच देणार." घड्याळजींनी लगेच मान हलवली. बाईंना वाटलं, नवरा आपलं ऐकतोय. घड्याळजींना ठाऊक होतं की आपण मुलीला घाबरलोय. पोरगी भट्टी बंद करायला लावील, हा विचार त्या वेळी, बायकोचा भाजलेला पाय हातात धरून, त्यांच्या मनात आला होता. माणसाने स्वतःची लाज धरावी असा तो क्षण होता. ते रोज सकाळी पट्टी बदलायचे आणि म्हणायचे, "सुकतंय." दुखत नसल्यामुळे बाई त्यांचं खरं मानायच्या. करंगळी काळी पडली तेव्हा ते म्हणाले, "काजळी असेल." ओल्या कपड्याने पुसूनही पाहिली.

ताप चढला तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि खोलीची खिडकी उघडायला सांगितली. आधी बोटं काढली. मग पाऊल. मग गुडघ्याखालून सगळंच.

मुलगी दवाखान्याच्या जिन्यात बापासमोर उभी राहिली. "बाबा, रोज बघत होतात ना? रोज?"

आतून बाईंचा आवाज आला, "त्यांना काही बोलू नकोस. मीच नको म्हटलं होतं." बायकोने सगळं आपल्या अंगावर घेतलं आणि घड्याळजींनी ते घेऊ दिलं.

बाई घरी आल्यावर लोहार भेटायला आला. मागच्या दारात गेला. फरशीवर अजून तीन हुक होते, सारख्या अंतरावर. त्या दुपारपासून कोणी हात लावला नव्हता. लोहाराने आयुष्यात पहिल्यांदाच शिवी घातली नाही. म्हणाला, "न्हाणीघरात धरायला दांडा लागेल त्यांना. बाजारातला हलतो. तुम्ही करा."

घड्याळजींनी केला. हाताला टोचू नये म्हणून कानस मारमारून गुळगुळीत केला. पुरता गार होऊन किती दिवस झाले तरी घरात आणायचं धाडस होईना. शेवटी भिंतीत पक्का बसवला, स्वतः लोंबकळून पाहिलं आणि बाईंची खुर्ची ढकलत आत आणली.

"धर," ते म्हणाले. "उभी राहून बघ."

बाईंनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "गरम नाही ना?"

"अगं, कधीचा गार झालाय. हात लावून बघ ना."

"लावून काय कळणार?" बाई हळूच म्हणाल्या. "हाताच्या बोटांची जाणीवपण गेलीये हो माझी. बरेच दिवस झाले. चहा गाळताना पोळलं तेही फोड आल्यावर दिसलं. पोरीला सांगू नका." मग म्हणाल्या, "तुम्ही आधी धरा."

घड्याळजींनी दांडा धरला. बाई दांड्याकडे पाहत नव्हत्या. मैदानावर पोरीचं पाऊल रेषेबाहेर पडतंय का ते पाहावं तशा, डोळे बारीक करून, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. दवाखान्यात नाही, जिन्यात नाही, कुठेच ज्यांना रडू आलं नव्हतं, त्या घड्याळजींचा चेहरा तिथे एकदम वेडावाकडा झाला.

बाईंनी झटकन हात मागे घेतला.

"भाजलं ना?"

"नाही गं," ते म्हणाले, पण आवाज नीट निघाला नाही, आणि बाईंनी हात मांडीवरच ठेवला.