नकार, दोन अक्षरी

कुशाबाला शब्दकोड्याचं वेड कधी लागलं हे त्याच्या बायकोला, बनुबाईला विचाराल, तर ती कपाळावर हात मारून घेईल. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला त्यांचं गाव. तिथं पेपर येत नाही. पेपर नाही तर कोडं कुठलं? पण हा बाबा शोधून काढायचा. खाली बाजारात सईदभाईचं किराणा दुकान. तिथल्या रद्दीत काळेपांढरे चौकोन दिसले, की कुशाबा हटून बसायचा.

"काय देऊ, कुशाबा?"

"कायपन दे. पन त्या कागदात बांध."

न खपणारा माल गळ्यात मारायला सईदभाईला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळालं नसतं. घरात तांदूळ जेमतेम आणि ओवा मात्र सात जन्म पुरेल इतका. कुणाचं पोट दुखो न दुखो, दोन्ही वेळेला ओवा!

बरं, कोड्याची उत्तरं येतात दुसऱ्या दिवशीच्या अंकात, आणि तो अंक कुणाच्या भज्यांबरोबर गेला देव जाणे. त्यामुळे कुशाबा जन्मात एकदाही चुकला नव्हता.

तर या कुशाबाच्या मुलीला, अंकिताला पाहायला बिरवाडीहून पाहुणे यायचे होते. मुलगा ओंकार, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. इतकं चांगलं स्थळ आपल्या पायांनी चालत आलं म्हणून कुशाबा खुशीत होता. चालत कसलं येतंय! महाडला कॉलेजात जाता-येता, दोन वर्षं एसटीत त्याच्या शेजारी बसून अंकितानंच ते आणलं होतं. हे फक्त बनुबाईला ठाऊक. पोरीचा जीव त्यात किती अडकलाय हेही तिलाच ठाऊक. म्हणून त्या दिवशी तिनं घरातला कागदाचा कपटा न् कपटा चुलीत घातला.

पण पाहुण्यांनी केळी आणली, ती कागदात गुंडाळून. आता याला काय करायचं?

पोहे झाले, चहा झाला, मुलीला नाव-गाव विचारून झालं. कुशाबा आपला मान खाली घालून बसलेला. पाहुण्यांना वाटलं, मुलीचा बाप आहे, भरून आलं असेल. केळ्यांचा कागद त्याच्या मांडीवर होता हे एकट्या बनुबाईनं पाहिलं. तिनं आतून दोनदा खाकरून बघितलं. छे, कुठलं काय!

ओंकारचे वडील भागोजी, माणूस रीतीचा. घसा साफ करून म्हणाले, "आमाला मुलगी पसंत हाय. तुमचं काय म्हननं?"

"नाय!" कुशाबा ओरडला. आनंदानं, मांडीवर थाप मारून.

सोललेलं केळं भागोजींच्या हातातच राहिलं.

"नाय म्हंजे?"

"नाय म्हंजे नाय! बरोब्बर बसतंय!"

पाहुणे ताडकन उठले. बनुबाई धावत बाहेर आली. "अवो, कोड्यातलं हाय वो ते! बसा, बसा!" आणि तिनं तो कागदच भागोजींपुढं धरला. भागोजींनी चष्मा चढवला. 'नकार, दोन अक्षरी.' जरा निवळले, बसले, आणि तिथंच घात झाला. कारण आता तेही कागदात शिरले.

"पन हे 'नाही' असनार. शेवटच्या अक्षरावरनं खाली उभा शब्द बगा. 'कमी प्रतीचा.' म्हंजे हीन. नाहीतला ही."

"हीन कशाला? यडा! नायतला य! यड्याहून कमी प्रतीचं कोन असतंय?"

कुशाबाचं बोट कागदावर होतं, पण बोलताना डोळे गेले भागोजींकडं.

"यडा कुनाला म्हनता?"

"कोड्याला!"

"माज्याकडं बगून?"

झालं! लग्न राहिलं बाजूला. मानपानावरून नाही, देण्याघेण्यावरून नाही, चांगली जुळलेली सोयरीक एका चौकोनापायी मोडायला निघाली. दोन म्हातारे कागदाची दोन टोकं धरून हमरीतुमरीवर आले.

"ज्याला धड नाही म्हनता येत नाय, त्याच्या घरची मुलगी आमाला नको!"

"बगा! तुमीपन नायच म्हनलात!"

भागोजी रागानं चपला शोधू लागले. ओंकार बिचारा कधी बापाकडं बघतोय, कधी आतल्या दाराकडं.

त्या दारातून अंकिता बाहेर आली. तिनं कागद ओढून घेतला आणि चुरगळून टाकला.

"मला विचारलंत का कुणी? मला पाहिजे हा. दोन वर्षं झाली, पाहिजे."

कुशाबा खुळ्यासारखा तिच्याकडं बघत राहिला.

"मंग मला सांगितलं का नाय गो?"

"संध्याकाळी तुम्ही हाक मारलीत, की वाटायचं, आज बाबा काहीतरी विचारतील, मग सांगीन. आणि तुम्ही विचारायचात, समुद्राला चार अक्षरी काय."

भागोजींनी हातातली चप्पल हळूच खाली ठेवली.

"अंकिता," कुशाबा म्हणाला, आणि पुढं त्याला शब्दच सुचेना.