पांढऱ्यातली काळी रेघ

आमच्या साडूभाऊंइतका विनाकारण खरं बोलणारा माणूस अख्ख्या विदर्भात शोधून सापडायचा नाही. खरं बोलणं चांगलंच, पण त्याला काही वेळकाळ? माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मुलाकडच्या एका बाईंनी हौसेनं त्यांच्याकडून आपला फोटो काढून घेतला आणि कसा आला म्हणून विचारलं. साडूभाऊ कॅमेऱ्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मागचा पडदा चांगला आला." त्या बाई आमच्याशी अजूनही मोजकंच बोलतात. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं आणि माझ्या थोरल्या मेव्हणीनं, तेव्हा त्यांना कोपरानं ढोसलं होतं. तर यांनी आपल्या नेहमीच्या दबक्या आवाजात, पण चारचौघांना ऐकू जाईल असं विचारलं, "काहून ढोसतेस वं?"

हा दबका आवाज जंगलातून आलेला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर साडूभाऊंनी कॅमेरा घेतला आणि उरलेलं आयुष्य वाघाच्या नावे करून टाकलं. जंगलात मोठ्यानं बोलायचं नाही, हा नियम त्यांनी गावातही आणला. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा भाव ते इतक्या हळू विचारत, की यांना काहीतरी भानगडीचं सांगायचंय असं समजून दलाल त्यांना बाजूला घेऊन जाई. कपडे बारा महिने मातकट हिरवे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. साबणाचा वास वाघाला लांबून येतो म्हणून जंगलात जायच्या आदल्या दिवसापासून नुसत्या पाण्याची आंघोळ. इतकं करून वाघाचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा. सफारीत पुढच्या जिप्सीला वाघ दिसायचा, मागच्या जिप्सीला दिसायचा, आणि यांची जिप्सी नेमकी मधली. फाटकावरचे गाइड त्यांना अदबीनं नमस्कार करत आणि दुसऱ्या गाडीत जाऊन बसत.

तरी त्यांची तयारी कधी ढिली पडली नाही. वाघ येईल तो बांबूच्या गच्च सावलीतून येईल आणि क्षणभरच येईल, तेव्हा बटणं फिरवत बसायला वेळ कुठला, असा त्यांचा विचार. म्हणून त्यांचा कॅमेरा कायम सावलीतल्या वाघासाठी लावलेला असे, म्हणजे अंधारातलंही उजळ दिसावं इतका प्रकाश आत घेणारा. मोर येवो, हरीण येवो, ती मांडणी बदलायची नाही. त्यामुळे उन्हातली जनावरं त्यांच्या फोटोत चुना फासल्यासारखी येत. मी टोकलं की म्हणत, "अन् नेमका तवाच वाघ आला त?"

माझं रामदासपेठेत फोटो छापायचं दुकान आहे. नवरीला गोरी करा, नवरदेवाचं पोट आत घ्या, असं गिऱ्हाईक सांगतं आणि मी ते बिनदिक्कत करतो. त्याच्यावरच घर चालतं. त्याच सवयीनं एकदा साडूभाऊंच्या चितळाच्या नाकावर आडवी आलेली वाळकी काडी मी पुसून टाकली. मनात म्हटलं, खूश होतील. ते फ्रेम हातात धरून दुकानाच्या मधोमध उभे राहिले आणि काडी कुठे गेली म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, काढली, आता बघा कसं छान दिसतंय. "ते काडी जंगलात होती," ते म्हणाले. "फोटोत नाही म्हणजे खोटं झालं ना गा." काडीसकट दुसरी प्रत काढून दिली तेव्हाच ते जागचे हलले. आजही ते चितळ त्यांच्या बैठकीत नाकावर काडी घेऊन उभं आहे.

ताईंना वाघाशी काही सोयरसुतक नव्हतं. त्या पाखरांसाठी जात. नजर अशी, की साडूभाऊ दुर्बीण लावून झाड शोधेपर्यंत ताईंचं त्यावरचं पाखरू पाहून झालेलं असे. गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात भिवापूरकडच्या जंगलात एका नाल्याशी यांची जिप्सी थांबली होती. साडूभाऊ बांबूच्या सावलीवर नेम धरून वाघाची वाट पाहत होते. ताईंनी त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवलं. पलीकडे भर उन्हात स्वर्गीय नर्तक नावाचं पाखरू पाण्यात सूर मारत होतं, काळ्या तुऱ्याचा, पांढराशुभ्र, हातभर शेपटीचा नर. साडूभाऊंनी कॅमेरा वळवला आणि वाघाच्याच मांडणीवर बटण दाबलं. एकच फोटो मिळाला. त्यात नाला आला, तुरा आला, डोळ्यातली चमकसुद्धा आली. पण पक्ष्याचं अंग आणि शेपटी यांची मिळून नुसती पांढरी झळाळी झाली. पीस म्हणून दिसेना.

परतताना ताई म्हणाल्या, त्या शेपटीच्या मधोमध बारीक काळी रेघ होती, काजळाच्या काडीनं ओढल्यासारखी. साडूभाऊंनी फोटो मोठा करून पाहिला आणि निकाल दिला: फोटोत नाही, म्हणजे नव्हती. हा वाद त्यांच्याबरोबर घरी आला, जेवायच्या ताटावर आला, आमच्याकडे दिवाळीच्या फराळालाही आला. मी पक्ष्यांचं पुस्तक काढून दाखवलं. त्यात रेघ होती. साडूभाऊ म्हणाले, पुस्तकातल्या पाखराला असेल, मी आमच्या पाखराचं बोलून राहिलो. ताई हसून सोडून देत. "यांचा डोळा कॅमेऱ्यात हाये भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "माहा माह्यापाशी हाये."

आणि नेमका तोच डोळा गेला. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत, कधीपासून आत दबा धरून बसलेला. कडेचं दिसेनासं होत चाललं होतं ते ताईंनी वय झालं म्हणून अंगावर काढलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिथून साडूभाऊ सरळ माझ्या दुकानात आले आणि बसून राहिले. वाघाचं नाव निघालं नाही असा तो पहिलाच दिवस. ताईंनी त्यांच्याकडे एकच मागितलं होतं: तो पांढऱ्या शेपटीचा फोटो मोठा करून द्या, दिसतंय तोवर एकदा पाहून घेते.

मी म्हटलं, उद्या देतो. पण ते साडूभाऊ. पिसं परत आणल्याशिवाय छापायचा नाही म्हणाले. रेघ होती की नव्हती हे ताईंनी आपल्या डोळ्यांनी पाहावं असा त्यांचा हट्ट, आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही पाहायचं होतं. फोटोतला जास्तीचा उजेड उतरवायची सोय कॉम्प्युटरवर असते. बऱ्याचदा उजळलेल्या भागात काहीतरी दबून असतं आणि ते हळूहळू वर येतं. पांढऱ्या आभाळात ढग येतात, नवरीच्या शालूची जर येते. पण कॅमेऱ्यानं त्या जागी काही टिपलंच नसेल तर वर येणार काय? मी उजेड खाली ओढला की शेपटी राखाडी व्हायची, आणखी ओढला की मळकी. पंखाच्या मुळाशी चार पिसं सापडली तेव्हा साडूभाऊंनी दुकानात पेढे वाटले, आणि त्या चार पिसांच्या आशेवर पुढचे महिने घालवले. मी शटर उघडायच्या आधी ते पायरीवर हजर असायचे. मी चिडायचो. एकदा म्हटलं, दुसऱ्या फोटोतली शेपटी आणून बेमालूम बसवतो, रेघेसकट, कोणाच्या बापाला कळणार नाही. त्यांनी असं पाहिलं, जणू मी देवळातली घंटा चोरायला सांगतोय. "तिनं पाह्यलेली रेघ पाह्यजे गा," ते म्हणाले. "दुसरी घेऊन काय करू?" मी म्हणत होतो, साडूभाऊ, डोळे काही आपल्यासाठी थांबायचे नाहीत, आहे तसा छापू. तेवढं मात्र त्यांना ऐकूच जात नसे.

मग एका सकाळी ते आले आणि खुर्चीवर टेकलेही नाहीत. ताईंनी चहा कपाच्या बाहेर ओतला होता आणि कप भरतोय असं समजून ओततच राहिल्या होत्या. "छाप," ते म्हणाले. "जसा हाये तसा."

मी छापला. पांढरा रंग आम्ही छापत नाही; जिथं पांढरं असतं तिथं शाई पडतच नाही, नुसता कागद राहतो. तो पक्षी म्हणजे वर काळा तुरा, चार पिसं आणि खाली लांबलचक कोरा कागद. चितळाच्या शेजारी आम्ही तो लावला. ताईंना आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळत होतं. साडूभाऊंनी त्यांना हाताला धरून भिंतीपाशी आणलं आणि त्यांचं बोट धरून एकेक दाखवू लागले, हा नाला, हा तुरा, हा डोळा. शेपटीवर येऊन बोट थांबलं.

"पिसं आली का जी?" ताईंनी विचारलं.

मला साडूभाऊंचं उत्तर पाठ होतं. साखरपुड्यात ऐकलं होतं, काडीच्या वेळी ऐकलं होतं. देवा, आयुष्यात एकदा या माणसाला खोटं बोलू दे, असं मी मनापासून म्हटलं.

"आली वं," ते म्हणाले. "एकन् एक आलं."

"अन् रेघ?"

साडूभाऊंनी त्यांचं बोट त्या कोऱ्या कागदावरून सावकाश खाली ओढत नेलं, शेपटीच्या मधोमध, पार टोकापर्यंत. "हे पाह्य. काळी हाये, काजळावानी. तूच बराबर होती." आणि हे दबक्या आवाजात नव्हे, चांगलं मोठ्यानं.

ताई हसल्या. मग इतके दिवस काहून भांडले, असं त्यांनी विचारलं, आणि आता आपणच बोट टोकापासून वर नेलं.

साडूभाऊ आता जंगलात जात नाहीत. कॅमेरा कपाटात पडून आहे, मांडणी अजून वाघाचीच. घरी पाहुणा आला की ताई आधी त्याला त्या फोटोपाशी पाठवतात आणि रेघ दिसली का विचारतात. पाहुणा गोंधळून वळतो, तर मागे साडूभाऊ हात जोडून उभे. अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. परवा माझ्या मुलीच्या सासरच्या त्या बाई आल्या होत्या, मागचा पडदा चांगला आलेल्या. त्यांनी फोटो पाहिला, साडूभाऊंचे जोडलेले हात पाहिले आणि म्हणाल्या, "दिसते ना ताई, किती ठसठशीत आहे." साडूभाऊ चहा ठेवायला म्हणून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.